चार वाजून सहा मिनिटं

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी व्हिक्टोरिया गोदीतलं घड्याळ थांबलं ते थांबलंच. धक्क्याला लागलेलं ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि त्यांच्याखाली कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी दोनच्या सुमारास त्या कापसातून धूर निघू लागला होता. पहिल्या स्फोटानंतर अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा झाला. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, सिमल्याच्या भूकंपमापकाची सुई हलली, आणि पेटलेला कापूस मांडवी, मशीद बंदर भागातल्या वस्त्यांवर पाऊस पडावा तसा पडत राहिला.

गिरगाव या धक्क्यापासून तीन किलोमीटरच्या आत. लालबाग-परळही फार लांब नाही. म्हणजे सबंध शहराने हा आवाज ऐकला होता, धूर पाहिला होता, कित्येकांनी पायाखालची जमीन हललेली अनुभवली होती. पण नेमकं झालं काय, किती माणसं गेली, किती जहाजं बुडाली, हे सांगायला वर्तमानपत्रं मोकळी नव्हती. युद्धकाळ होता. वार्ताहरांना सविस्तर बातमी बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने २२ मेच्या अंकात ती छापली, तेव्हाही जगाला ती ताजीच वाटली. सुधीश घटक या छायाचित्रकाराने त्या आगीचं चित्रीकरण केलं होतं. ते लष्कराने ताब्यात घेतलं.

मात्र दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, एका आकाशवाणी केंद्राने या स्फोटाचा तपशीलवार वृत्तान्त दिला होता. ते केंद्र होतं सायगावचं. म्हणजे जपान्यांचं. म्हणजे शत्रूचं.

या प्रकरणात जे सांगायचं आहे ते सगळं या एका विसंगतीत आहे. आपल्या बाजूचा अधिकृत आवाज गप्प होता आणि खोटं बोलण्यासाठीच ज्याची ख्याती तो खरं बोलत होता. ‘सरकार सांगतं ते खरं’ आणि ‘सरकार सांगतं ते खोटं’ ही दोन्ही मतं आळशी माणसाची. त्या एप्रिलमध्ये दोन्ही मुंबईकरांच्या उपयोगाची नव्हती.

सेन्सॉरची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्याच आठवड्यांत जपानी सैन्य कोहिमा आणि इम्फाळला भिडलं होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीला माल पुरवणाऱ्या या मोठ्या बंदराचा कणाच मोडला आहे, हे आपणहून शत्रूच्या कानावर कोण घालेल? लष्करी तर्क बिनतोड आहे. फक्त त्यात एक भोक आहे. शत्रूला ते चोवीस तासांत कळलं होतं. मग पुढचे तीन-चार आठवडे झाकून ठेवलं ते कोणापासून? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, एवढंच होतं की झाकणाऱ्याच्या घरातली माणसं तेवढी अंधारात चाचपडत बसतात. अंधारात बसलेली माणसं मग कंड्या पिकवतात. जपानी विमानं आली, पाणबुडी आत शिरली, घातपात झाला. चौकशीत निघालं ते यातलं काहीच नव्हतं. आग कापसात लागली असावी, स्फोटकांखाली कापूस भरणं हाच मूर्खपणा होता, धोक्याचा माल असल्याचं तांबडं निशाण जहाजावर लावलेलं नव्हतं, आणि अग्निशमन दलाला कळवायला उशीर झाला, असे ठपके बसले. शत्रूचा हात असता तर सरकारला एका अर्थी बरंच वाटलं असतं.

आता आकडे. या स्फोटात किती माणसं मेली? कुठे ८०० वाचायला मिळेल, कुठे १,३००. एवढी तफावत कशी? इथे युद्धाच्या बातम्यांतल्या कुठल्याही आकड्याकडे कसं पाहावं याचा धडा आहे. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. यावर वाद नाही, कारण त्यांची हजेरी लागत होती, पगारपत्रकावर नाव होतं, त्या रात्री परत न आलेल्या माणसाची नोंद होत होती. गोदीशी संबंधित सगळ्या खात्यांचे मिळून २३१, हाही आकडा तसाच वहीतून आलेला. पण मांडवीच्या वखारींत पोती वाहणारे हमाल, पदपथावर झोपणारे, बाजूच्या झोपड्यांतल्या बायका-पोरं यांची हजेरी कोण घेत होतं? पाचशेहून अधिक नागरिक गेले असं म्हणतात. ‘हून अधिक’ या दोन शब्दांत किती माणसं बसवायची ते ज्याचं त्याने ठरवावं. जिथे वही आहे तिथला आकडा घट्ट असतो, वही नाही तिथला सैल असतो, आणि सैल आकड्यालाच जो तो आपापल्या सोयीने ताणतो. त्याच जहाजावर ३१ पेट्यांत सोनं होतं, प्रत्येक पेटीत चार विटा, एकूण १२४. एक वीट उडून दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरावर पडली आणि त्यांनी ती इमानदारीने परत केली. विटांचा हिशेब पुढे कित्येक वर्षं चालला होता आणि जवळजवळ सगळ्या सापडल्या.

त्याच वर्षी नुकसानभरपाईचा वटहुकूम निघाला आणि लोकांनी दावे दाखल केले. माझ्या मते त्या स्फोटाची सर्वांत विश्वासू ‘बातमी’ या दाव्यांच्या फायलींत होती. तिथे प्रत्येक ओळीला पैसे देणारा आणि पैसे मागणारा असे दोन डोळे लागलेले. एक फुगवून सांगणार, दुसरा कापून घेणार. बातमीला असा समोरासमोरचा तपासनीस क्वचित मिळतो.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना पहिल्यांदा कळला तो कुठल्या सरदाराच्या खलित्यातून नव्हे, वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून. मोती, मोहरा, रुपये, खुर्दा अशा व्यापारी परिभाषेत लिहिलेलं ते पत्र शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. सावकाराला खरं कळणं भाग होतं, कारण त्याचा पैसा उत्तरेत अडकला होता. चुकीची बातमी कळवली तर बुडणार तोच होता. दरबारी बातमीदाराचं तसं नसतं. त्याला ऐकणाऱ्याचा चेहरा बघून बोलावं लागतं. युद्धातली बातमी कोणाकडून आली यापेक्षा ती चुकली तर सांगणाऱ्याचं काय जातं, हे मी आधी विचारतो.

आणि पानिपताचाच दुसरा धडा भाऊसाहेबांच्या तोतयाचा. सदाशिवरावभाऊ पडले याची खात्री कोणाला पटेना, पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलंच नाही, आणि त्या संशयाच्या फटीतून एक तोतया आत शिरला. त्याला १७७६ मध्ये मारलं, पण तोवर त्याने कोकणात चांगलाच धुमाकूळ घातला होता. बातमी वेळेवर आणि नीट दिली नाही की तिची जागा रिकामी राहते. रिकाम्या जागेत कोणीही येऊन बसतं.

दुसऱ्या महायुद्धात हे पुन्हा घडलं. मार्च १९४२ च्या शेवटी जगभर बातमी गेली की सुभाषचंद्र बोस विमान अपघातात मरण पावले. गांधीजींनी त्यांच्या आईला सांत्वनाची तार केली. पाठोपाठ बातमी खोटी ठरली आणि सुभाषबाबू स्वतः आझाद हिंद रेडिओवरून बोलले. ऑगस्ट १९४५ मध्ये पुन्हा तशीच बातमी आली. पुन्हा विमान, पुन्हा अपघात. लोकांनी ती मानली नाही, कित्येकांनी आजतागायत मानलेली नाही. याची कारणं अनेक आहेत, पण एकदा ‘लांडगा आला रे’ झालेलं होतं हे त्यातलं मोठं कारण असावं.

१९४२ चं गिरगाव आठवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘चले जाव’च्या हाकेपाठोपाठ ९ ऑगस्टला पहाटे काँग्रेसचे पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, आणि २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. काँग्रेस रेडिओ. कुठून बोलतो आहोत हे तो सांगत नसे, भारतात कुठून तरी एवढंच. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर ही बरोबरची मंडळी. यंत्रसामग्रीला ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने, आणि राममनोहर लोहियांचा पाठिंबा. यंत्र एका जागी ठेवलं की सुगावा लागणार, म्हणून बिऱ्हाड सारखं हलायचं. चौपाटी, वाळकेश्वर, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावची पारेखवाडी, महालक्ष्मी. चिमूरमध्ये काय झालं, जमशेदपूरचा संप, चितगावची बॉम्बफेक, असल्या छापायची सोय नसलेल्या बातम्या त्यावरून येत. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पारेखवाडीत दार फोडलं, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती.

या कहाणीतला मला आवडणारा भाग थोडा वेगळा आहे. काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं ते आज आपल्याला वाचता येतं ते पोलिसांमुळे. ते रोज कान लावून बसत आणि शब्दन् शब्द उतरवून घेत. खटल्यात पुरावा हवा होता ना. उषा ठक्कर यांनी २०२१ साली या रेडिओवर पुस्तक लिहिलं त्यात ते उतारे आहेत. देशभक्त श्रोत्याने ऐकलं, अंगावर काटा आला, विसरला. पोलिसाने ऐकलं आणि तारीख-वेळ घालून लिहून ठेवलं.

पण काँग्रेस रेडिओ आपला म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? तोही एका बाजूचाच होता. लोकांचा धीर सुटू नये हे त्याचं काम होतं, आणि धीर देणारा माणूस वाईट बातमी हळू आवाजात सांगतो. त्याची परीक्षा करायला चिमूरची बातमी चांगली आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर तिथे लष्कर आणि पोलिसांनी केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसले. सरकारने त्या उपोषणाची बातमीच छापायला मनाई केली. तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ ला अंकच काढले नाहीत. एरवी संपादक लोक एका टेबलाशी बसून चहा प्यायलाही तयार नसतात. ते सगळे मिळून एक दिवस धंदा बंद ठेवतात, स्वतःचं नुकसान करून घेतात, तेव्हा दाबलेल्या गोष्टीत तथ्य आहे असं मानायला जागा असते. पुन्हा तोच सावकाराचा न्याय.

इथवर बातमीचं झालं. लोकमताचं काय? युद्धात ‘सारा देश एक दिलाने पाठीशी आहे’ हे वाक्य प्रत्येक सरकार म्हणतं. मोजायचं कसं? अमेरिकेत जॉर्ज गॅलप यांनी १९३५ पासून घरोघर माणसं पाठवून प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. मुंबईत तेव्हा असलं काही नव्हतं. असतं तरी, १९४२ साली लालबागच्या चाळीत कोणी अनोळखी माणूस वही-पेन्सिल घेऊन आला आणि ‘युद्धाबद्दल आपलं मत काय?’ असं विचारू लागला, तर त्याला चहा मिळाला असता, मत मिळालं नसतं. दोन खोल्या सोडून पोलिसाचा खबऱ्या राहतो हे चाळीत सगळ्यांना ठाऊक असे.

लोकमताचा अंदाज देणारे अहवाल प्रांतिक सरकारं दर पंधरवड्याला दिल्लीला पाठवत. सभेला किती माणसं, कोणत्या पुढाऱ्याने काय गरळ ओकली, हे त्यात असे. पण या अहवालांतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट सभेची नाही, नाण्याची आहे. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. त्याच सुमारास हिंदुस्थानातल्या बाजारातून चांदीचे रुपये नाहीसे व्हायला लागले. लोक नोटा मोडून रुपये घेत आणि मडक्यात, ट्रंकेत, जमिनीत पुरून ठेवत. टपालखात्याच्या बचत बँकांतून पैसे काढायला झुंबड उडाली. कोणी भाषण केलं नव्हतं, कोणी घोषणा दिली नव्हती. झवेरी बाजारात उभं राहिलं की कळत होतं: लोकांना वाटतंय, हे राज्य बुडू शकतं, आणि राज्य बुडालं की नोट म्हणजे रद्दी. सरकारलाही ते कळलं. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट काढली, आणि रुपयातली चांदी अकरा-बारांशवरून निम्म्यावर आणली. ‘विजय आमचाच’ म्हणणारी भित्तिपत्रकं लावणारं सरकार स्वतःच्या नाण्यातली चांदी कमी करत होतं. लोकांनी भित्तिपत्रकाऐवजी नाणं वाचलं.

मात्र कृतीतून मत वाचतानाही फसगत होते, आणि त्याचं उदाहरण गिरणगावात आहे. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईतल्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. कम्युनिस्ट साहित्यात तो ‘जगातला पहिला युद्धविरोधी संप’ म्हणून गौरवला जातो. आकडा मोठा आहे, संप झाला हेही खरं. पण तो युद्धाविरुद्ध होता असं म्हणताना जरा थांबावं. गांधीजींचा वाढदिवस त्याच दिवशी. युद्ध सुरू होऊन महिनाच झालेला आणि महागाई वर चढू लागलेली. प्रत्येकाच्या मनात हिटलर आणि चेंबरलेन होते की ज्वारीचा भाव? पाच महिन्यांनी, मार्च १९४० मध्ये, महागाई भत्त्यासाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले आणि सुमारे चाळीस दिवस बाहेर राहिले. एका दिवसाचा पगार बुडवणं आणि चाळीस दिवसांचा बुडवणं यांतला फरक ज्याच्या घरी चूल आहे त्याला सांगायला नको.

मग जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला. कम्युनिस्टांच्या लेखी साम्राज्यवाद्यांचं युद्ध पुढच्या काही महिन्यांत लोकयुद्ध झालं. कम्युनिस्ट पक्षावरची बंदी जुलै १९४२ मध्ये उठली. सँडहर्स्ट रोडवरच्या ‘राजभवन’ इमारतीतून पक्षाची पत्रं निघू लागली. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झाल्यावर अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या, मुंबईच्या मात्र फार काळ थांबल्या नाहीत. कम्युनिस्ट म्हणाले, कामगाराला लोकयुद्ध पटलं. काँग्रेसवाले म्हणाले, कामगाराला पुढाऱ्यांनी विकलं. मालक म्हणाले, कामगार राजनिष्ठ आहे. त्याच परळ-लालबागची तीच माणसं, आणि त्यांच्या तोंडात तिघांनी तीन मतं घातली. अहमदाबादेत मालकांनीच आतून साथ दिली होती, मुंबईत भत्ता मिळू लागला होता आणि पाळ्या भरभरून चालल्या होत्या, ही कारणं कोणाच्याच भाषणाला शोभणारी नव्हती.

कराची हे नाव या प्रकरणात सुरुवातीलाच आलं, शेवटीही यावं हा योगायोग. डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, ८ च्या रात्री पुन्हा. तेलाच्या टाक्या पेटल्या. ती बातमी टिकली, कारण आग सरकारी निवेदनावर अवलंबून नव्हती, बंदरात परदेशी जहाजं होती आणि खलाशांना डोळे होते. दुसऱ्या हल्ल्याच्या पाठोपाठ, ९ डिसेंबरला, आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. स्वतःचं नुकसान आकड्यासकट सांगणाऱ्याने शत्रूच्या नुकसानीचा आकडा दिला, तर तो निदान ऐकून घ्यावासा वाटतो.

८ मे २०२५ च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना, टीव्हीवर पुन्हा कराची पेटली. अनेक वाहिन्यांनी नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं सांगितलं, मागे भोंग्यांचे आवाज, पडद्यावर कुठल्या तरी जुन्या आगी. घराघरात मोबाइल किणकिणत होते. त्या रात्री विचारायचे प्रश्न १९७१ च्याच पठडीतले होते. आग आहे तर दुसऱ्या कोणी पाहिली? नौदल स्वतः काय म्हणतं? नौदल काहीच म्हणत नव्हतं. ११ मेच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं की नौदल समुद्रात पुढे तैनात होतं आणि कराचीसह लक्ष्यांवर आपण निवडू त्या वेळी मारा करायला सज्ज होतं. सज्ज होतं, म्हणजे केला नव्हता. वाहिन्यांनी ते शब्दही तितक्याच उत्साहाने दाखवले.

९ मेच्या सकाळी मी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत होतो. मे महिना म्हणजे वर्षाच्या मसाल्याचा हंगाम. बेडगी, संकेश्वरी, पांडी यांच्या राशी, डंकांची धडधड, खोकणारी गिऱ्हाइकं. या गल्लीत गर्दी मेमध्ये असतेच, तेव्हा गर्दी पाहून काही ठरवण्यात अर्थ नव्हता. म्हणून दुकानदाराला विचारलं, गेल्या आठवड्यापेक्षा काही फरक? तो पाच मिनिटं गिऱ्हाइकं करत राहिला, मग म्हणाला, ‘‘गावाला जाणारे तिकिटं काढून ठेवलेले होते, ते ठरल्या दिवशीच जातायत. जादा मिरची कोण नेत नाही, ऑर्डर कोणी तोडली पण नाही.’’

शेजारी नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या मावशी माझ्याकडे वळल्या. ‘‘काय हो दादा, कराची पेटली म्हणे?’’

मी म्हटलं, ‘‘टीव्हीवर तसं सांगतायत.’’

‘‘ते मीपण बघितलं,’’ त्या म्हणाल्या, आणि दुकानदाराला सांगितलं, ‘‘दीड किलो बेडगी कर रे. आणि देठ काढून दे, मागच्या वर्षी तसेच दिलेस.’’